तुझ्या गोष्टीत कोणी जेवतच नाही

२००६ साली एका दिवाळी अंकात माझी एक कथा छापून आली होती. तिच्या नायिकेला मनोरुग्णालयात दाखल केले जाते आणि कथेचा जवळजवळ अर्धा भाग तिथेच घडतो. त्या भागात लांबलचक अंधारा व्हरांडा होता, रात्री दूरवरून येणाऱ्या किंकाळ्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतले दोन धिप्पाड पुरुष होते, शॉक देण्याचा एक सविस्तर प्रसंग होता, आणि सरतेशेवटी एक म्हातारा रुग्ण नायिकेला जगण्याचे मर्म सांगून डोळे मिटत होता. कथा आवडल्याची सात-आठ पत्रे आली. त्यांतल्या एकाही पत्रलेखकाला काही खटकले नव्हते आणि त्याचे कारण सरळ आहे. मी आणि माझे वाचक, आम्ही सर्वांनीच मनोरुग्णालय एकाच ठिकाणी पाहिले होते, ते म्हणजे चित्रपटगृहात.

पुढे १३ वर्षांनी, २०१९च्या पावसाळ्यात, माझा थोरला भाऊ एका सर्वसाधारण रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात २६ दिवस दाखल होता. दिवसा त्याच्यासोबत मी असे आणि रात्री माझा भाचा, कारण पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईमाणसाने थांबायचे नाही असा तिथला नियम होता. दादा माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. दाखल होण्यापूर्वी तो चार रात्री झोपलेला नव्हता, त्याने तीन जुन्या स्कूटरी विकत घेतल्या होत्या आणि त्या शाळेतल्या तीन शिपायांना तो वाटणार होता. त्याला बायपोलर आजार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या फेऱ्या आणणारा आजार आहे, हे आम्हाला त्या वेळी पहिल्यांदा नीट कळले. हे सारे लिहिण्यापूर्वी मी त्याला विचारले आहे. गावाचे आणि रुग्णालयाचे नाव नको आणि ‘बिचारा’ हा शब्द कुठेही नको, एवढ्या अटींवर त्याने होकार दिला.

घरी परतल्यावर काही महिन्यांनी त्याने माझा जुना दिवाळी अंक कपाटातून काढला आणि ती कथा वाचली. मी धास्तावले होते. त्याने अंक मिटला आणि म्हणाला, “तुझ्या गोष्टीत कोणी जेवतच नाही.”

त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते कथालेखनाच्या कोणत्याही शिबिरात मला मिळाले नव्हते. वॉर्डातला दिवस खरोखर जेवणांभोवती आणि औषधांभोवती बांधलेला असतो. पहाटे साडेपाचला दिवे लागत. सहाला चहा येई, तो स्टीलच्या पेल्यात, आणि पेले परत मोजून घेतले जात. आठला पोहे किंवा उपमा, त्यानंतर औषधांची ट्रॉली, दहाच्या सुमारास डॉक्टरांचा राउंड, साडेबाराला जेवण, पुन्हा औषध, तीनला चहा, सातला रात्रीचे जेवण, नऊला शेवटची औषधे. या घटकांच्या मधला जो काळ आहे त्यात काहीही घडत नाही, आणि हे ‘काहीही न घडणे’ हाच त्या जागेचा खरा अनुभव आहे. माणसे व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात, पुन्हा वळतात, पुन्हा चालतात. कॅरमचा बोर्ड असतो, पण स्ट्रायकर हरवलेला असतो, म्हणून एक काळी सोंगटी स्ट्रायकर म्हणून वापरली जाते आणि तिच्यावरून रोज तेच भांडण होते. दूरदर्शन संच छताजवळ लोखंडी जाळीत बसवलेला असतो आणि त्याचा रिमोट सिस्टरच्या टेबलाच्या खणात असतो. वर्तमानपत्र दुपारपर्यंत इतक्या हातांतून जाते की शब्दकोडे सोडवणाऱ्याला ते निम्मे सोडवलेलेच मिळते, आणि तेही चुकीचे. रविवारी राउंड नसतो, त्यामुळे रविवार हा आठवड्यातला सर्वांत लांब दिवस असतो. शनिवारी संध्याकाळपासूनच वॉर्डात एक मरगळ पसरते, हे मी चार आठवडे ओळीने पाहिले.

कथालेखकाची अडचण इथेच आहे. कंटाळा लिहायचा तर वाचकाला कंटाळा येऊन चालत नाही. किंकाळी लिहिणे त्यामानाने फार सोपे असते. म्हणून आपण सगळे किंकाळी लिहितो. २६ दिवसांत मी आरडाओरडा ऐकला नाही असे नाही. तो तीन-चारदा ऐकला, आणि दर वेळी तो काही मिनिटांत संपला. पण त्या २६ दिवसांत “चहा आला का?” हा प्रश्न मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. ज्या माणसाच्या दिवसातून सगळे निर्णय काढून घेतलेले असतात, त्याच्यासाठी चहा ही बातमी असते, आणि पोह्यात आज शेंगदाणे आहेत ही तर मोठी बातमी असते. त्यात औषधांची भर असते. काही औषधांनी भूक अशी खवळते की जेवून उठलेला माणूस पुढच्या जेवणाची चौकशी करतो. लिथियमने दादाला सतत तहान लागे आणि त्याचा हात थरथरे, त्यामुळे पेला तोंडाशी नेईपर्यंत चहा सदऱ्यावर सांडे. तो दोन्ही हातांनी पेला धरायला शिकला. वर्गात फळ्यावर एका झटक्यात नर्मदेचे खोरे काढणारा हा माणूस दोन्ही हातांनी पेला धरून चहा पितो, एवढे एक वाक्य जरी मला २००६ साली लिहिता आले असते, तरी त्या दोन धिप्पाड पुरुषांची गरज पडली नसती.

दाखल होण्याचा प्रसंग लिहिताना आपण दार बंद होण्याचा आवाज लिहितो. मला मात्र आठवते ती नाडी. सिस्टरने दादाच्या पायजम्याची नाडी काढून घेतली, पट्टा काढून घेतला, बुटांच्या लेस काढल्या, गळ्यातली चांदीची साखळी आणि मनगटावरचे घड्याळ काढले, आणि या सगळ्यांची यादी करून तिच्यावर माझी सही घेतली. नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा घरून आणायला सांगितला, पण तो येईपर्यंतची पहिली संध्याकाळ दादाने एका हाताने पायजमा सावरत काढली. शेजारच्या स्त्रियांच्या वॉर्डात काचेच्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढून घेताना रोज कोणी ना कोणी रडे, आणि एकदा एक सासू सिस्टरशी भांडली की सवाष्णीचा गळा मोकळा ठेवायचा नसतो. शेवटी हळदीत भिजवलेल्या दोऱ्याचीही परवानगी मिळाली नाही. या वस्तू का काढतात हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलून दाखवत नाही. लेखकाने तरी ते कशाला बोलून दाखवावे? यादी दाखवली की पुरे होते.

आता कायद्याकडे वळते, कारण कथेला त्याचा फार उपयोग आहे आणि आपण तो अजिबात करत नाही. आपल्याकडच्या कथा-मालिकांत आजही नवरा पैसे चारून बायकोला ‘वेडी’ ठरवतो आणि ती जन्मभर गजांआड राहते. असा प्रसंग लिहायला हरकत नाही, पण तो कोणत्या वर्षी घडतो आहे हे लेखकाने आधी ठरवले पाहिजे. १९१२चा कायदा नावानेच ‘लुनसी ॲक्ट’, म्हणजे वेडेपणाचा कायदा होता. त्यानंतर १९८७चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि तो १९९३मध्ये लागू झाला. त्यातही न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने रुग्णाला दाखल करण्याची वाट होती. सध्याचा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७चा आहे आणि तो २९ मे २०१८पासून लागू आहे. त्यानुसार स्वतः होऊन दाखल झालेला प्रौढ रुग्ण स्वतः होऊन घरी जायला मागू शकतो. ज्याला स्वतःचा निर्णय घेता येण्याची स्थिती नाही, त्याला कलम ८९खाली दाखल करतात. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो, आणि असे दाखल ठेवण्याची मुदत ३० दिवसांची असते. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांच्या आत कळवावे लागते. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांच्या आत.

हे रुक्ष वाटेल, पण कथेत काळाचा ताण आणण्यासाठी आपण काय काय क्लृप्त्या करतो ते आठवावे. इथे कायद्यानेच ३० दिवसांचे घड्याळ लावून दिले आहे. दादाला विसाव्या दिवशी बरे वाटू लागल्यावर तो रोज सकाळी उरलेले दिवस मोजून सांगे. आणि त्या अर्जावर जी सही असते ती कोणा खलनायकाची नसते. ती माझी होती. नात्याच्या रकान्यात मी ‘बहीण’ असे लिहिले आणि त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी डबा ठेवी, तो भिंतीकडे तोंड करून झोपे. पाचव्या दिवशी तो एकदम म्हणाला, “स्कूटरींचं काय केलंस?” एका स्कूटरीचे पैसे परत मिळाले नाहीत हे मी त्याला सांगितले नाही, आणि ते सांगितले नाही याबद्दल त्याने मला पुढे वर्षभर ऐकवले. विश्वासघात, अपराधीपणा, उपकार आणि राग हे सगळे त्या एका सहीत आहे. मग त्या दोन धिप्पाड माणसांकडे ते काम कशाला सोपवायचे?

अर्थात बळजबरी होतच नाही असे मी म्हणत नाही. दुसऱ्या रात्री दादाने सलाइनचा स्टँड उचलून खिडकीवर मारला आणि त्याला इंजेक्शन द्यावे लागले, हातपाय रुंद सुती पट्ट्यांनी खाटेला बांधावे लागले. मी तिथे नव्हते, भाच्याने मला सांगितले. चित्रपटात सुई टोचताक्षणी रुग्ण मान टाकतो. प्रत्यक्षात दादा नंतर जवळजवळ अर्धा तास बोलत होता, आधी शिव्या, मग सह्याद्रीतल्या घाटांची नावे उत्तरेकडून दक्षिणेकडे, मग हळूहळू अडखळत. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन पट्ट्या फार आवळल्या नाहीत ना हे बोट घालून पाहत होती आणि केसपेपरवर वेळ लिहीत होती. सकाळी त्याला त्यातले निम्मे आठवत नव्हते. भाच्याला मात्र आजही सगळे आठवते, घाटांच्या क्रमासकट. आजच्या कायद्यात साखळीने बांधण्यास आणि एकांतकोठडीत ठेवण्यास स्पष्ट मनाई आहे. ती मनाई करावी लागली याचा अर्थ काय ते वाचकाला सांगावे लागू नये. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी जी आग लागली, तिच्यात साखळदंडाने जखडलेले २५हून अधिक मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले, आणि ती जागा रुग्णालयही नव्हती, दर्ग्याजवळ चालवलेला खासगी निवारा होता. क्रौर्य लिहायचे असेल तर ते कोठे होते आणि केव्हा होते हे ठाऊक असल्याशिवाय लिहू नये, नाहीतर खरे क्रौर्य निसटते आणि खोटे भलत्याच्या माथी बसते.

शॉकचेही तसेच. गावाकडची माणसे त्याला ‘करंट देणे’ म्हणतात. ही पद्धत रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी १९३८ साली पहिल्यांदा वापरली, आणि पुढे कित्येक वर्षे ती भूल न देताच वापरली जाई. त्यामुळे माझ्या नायिकेची कथा १९६०च्या सुमारास घडत असती तर माझा प्रसंग कदाचित चुकीचा ठरला नसता. पण तिच्या हातात मोबाइल होता. २०१७च्या कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे हाच शॉक, देण्यावर बंदी घातली. दादाच्या वेळी स्त्रियांच्या वॉर्डात पन्नाशीच्या एक बाई होत्या, त्यांनी नैराश्यात अन्नपाणी सोडले होते आणि त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा ईसीटी देत. भूल द्यायची असल्याने त्या दिवशी त्यांना सकाळचा चहा मिळत नसे. अकराच्या सुमारास त्या चाकाच्या खुर्चीवरून परत येत, गळून गेलेल्या, आणि आपल्या मुलीला तेच तेच विचारत, “आपण कधी आलो गं इथे?” मुलगी दर वेळी तितक्याच शांतपणे तारीख सांगे. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर एका दुपारी त्यांनी वरणभात मागितला. मुलगी व्हरांड्यात येऊन रडली. मात्र घरच्या पत्त्यासारख्या गोष्टी त्या मधूनमधून विसरत, आणि ते पुढे किती भरून आले ते मला ठाऊक नाही, कारण आम्ही आधी निघालो. उपचाराने माणूस जेवू लागतो आणि त्याच उपचाराने काही आठवणी पुसल्या जातात, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या असतात. या दोन्हींना एकाच परिच्छेदात नांदू देणारी कथा मी अजून वाचलेली नाही.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, तिच्याविषयी लिहिते. ती इतकी बारीक आहे की मराठीखेरीज इतर भाषांत ती कशी सांगता येईल हेही मला कळत नाही. शाळेत, गल्लीत, किराणा दुकानात दादाला सगळे ‘सर’ म्हणतात आणि अहो-जाहो करतात. वॉर्डात पाऊल टाकल्यापासून तो ‘अरे’ झाला. “ए, ऊठ.” “तोंड उघड. जीभ वर कर. हां, जा.” गोळी गालात दडवली नाही ना हे पाहण्यासाठी हे रोज तीनदा. बोलणारे वॉर्डमधले मामा काही दुष्ट नव्हते. त्यांनीच दादाला आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली होती आणि त्याच्या बोटांची नखे कापून दिली होती. पण २५ वर्षांचा वॉर्डबॉयही ४७ वर्षांच्या माणसाला एकेरीत बोलवी, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नसे. याहून सूक्ष्म प्रकार राउंडच्या वेळी होई. डॉक्टर दादाच्या पुढ्यात उभे राहून मला विचारत, “झोपतो का? जेवतो का? बडबड कमी आहे?” आणि मीही त्याच्या पुढ्यात उभी राहून उत्तर देई, “हो, कालपासून कमी आहे.” तो आमच्या दोघांच्या मध्ये बसून ऐकत असे. सोळाव्या दिवशी एका तरुण डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “सर, तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?” दादा काही क्षण गप्प राहिला आणि मग त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावली. ज्या लेखकाला वॉर्डातला अपमान आणि वॉर्डातली माणुसकी दाखवायची आहे, त्याला मारहाण किंवा त्याग यांची गरज नाही. त्याने सर्वनामांकडे लक्ष दिले तरी भागेल.

सर्वनामांचा विषय निघालाच आहे तर आपल्या भाषेच्या आणखी एका खोडीविषयी. मराठीत ‘वेड’ हा शब्द लाडाचा आहे, भक्तीचा आहे, प्रेमाचा आहे आणि शिवीचाही आहे. नाटकाचे वेड, पंढरीचे वेड, “वेडी आहेस का गं?” आणि “याला ठाण्याला नेऊन टाका.” मुंबईकडे ठाणे, पुण्याकडे येरवडा, कोकणात रत्नागिरी: ज्या ज्या गावात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्या गावाच्या नावाची आपण थट्टा करून ठेवली आहे, नागपूर त्यातून का सुटले कोण जाणे. भाषेच्या या गोड बाजूमुळे आपल्या कथांत ‘वेडा हाच खरा शहाणा’ हे पात्र पुन्हा पुन्हा येते. माझ्या कथेतला मर्म सांगणारा म्हातारा त्याच घराण्यातला. वॉर्डात मला असा कोणी भेटला नाही. आजाराच्या भरात दादा जे बोलत होता ते ऐकायला सुरुवातीची दहा मिनिटे विलक्षण वाटे, यमके जुळत, विनोद होत. अकराव्या मिनिटाला कळे की हे थांबत नाही, त्यालाही थांबवता येत नाही, आणि त्याचे ओठ कोरडे पडून फाटले आहेत. उन्मादाचे संवाद लिहिणारे आम्ही लेखक त्या पहिल्या दहा मिनिटांवरच समाधान मानतो. बाकी वॉर्डातल्या माणसांची आपापसातली बोलणी अगदी साधी असत: कोणाचा डबा आला, कोणाला मंगळवारी सोडणार, कोणाच्या खिशात तंबाखूची चिमूट उरली आहे. तंबाखूला तिथे नाण्याची किंमत होती. बंदी असूनही ती आत कशी येई हे मला नीट ठाऊक आहे, कारण एकदा ती मीच आणली होती.

नातेवाईक हा घटक तर आपल्या कथांतून साफ गायब असतो, कारण ज्या परदेशी चित्रपटांवरून आपण वॉर्ड उचलतो, तिथे नातेवाईक ठरलेल्या वेळी भेटायला येतात आणि जातात. आपल्याकडे सर्वसाधारण रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बहुतेक वेळा रुग्णासोबत घरचे माणूस राहावेच लागते. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या कुटुंबांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारांत सामील करून घेतले, तेव्हापासूनची ही आपली वाट आहे. तिचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. खाटेखाली सतरंजी अंथरून झोपणारी आई, जिन्यात बसून कर्जाचे हप्ते मोजणारा बाप, “आमच्या गावात सांगितलंय की कावीळ आहे” असे कुजबुजणारी वहिनी, ही सगळी माणसे त्या वॉर्डाची रहिवासी असतात. आम्ही नातेवाईक एकमेकांच्या रुग्णांची नावे विचारत नसू. खाटेचा क्रमांक पुरे होई. “तुमचा चार नंबर आज बोलला की हो!” याहून मोठे अभिनंदन तिथे नव्हते.

एक सावधगिरी इथेच नोंदवते. मी पाहिला तो एक छोटा, शहरी, ३० खाटांच्या आतला विभाग होता. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या जुन्या शासकीय मनोरुग्णालयांचे जग निराळे आहे. तिथे बरे होऊनही वर्षानुवर्षे राहिलेली माणसे असतात, कारण घरच्यांनी दिलेला पत्ताच खोटा निघतो. केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे कायदा म्हणतो. डोक्याचे केस सक्तीने काढायचे नाहीत आणि रुग्णाला स्वतःचे कपडे घालू द्यायचे, हेही तोच कायदा म्हणतो. कायदा म्हणतो आणि आवारात दिसते, यांतले अंतर ज्याला लिहायचे असेल त्याने तिथे जाऊन, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांशी बोलून, रुग्णांच्या खासगीपणाला धक्का न लावता लिहावे. माझ्या २६ दिवसांच्या जोरावर मी त्या जगाबद्दल कथा लिहिणार नाही.

घरी सोडण्याचा दिवस मी माझ्या कथेत दीड ओळीत उरकला होता: दार उघडते, ऊन पडते. दादाच्या वेळी ऊन नव्हते, मुसळधार पाऊस होता, आणि सकाळी दहाला “आज डिस्चार्ज” असे सांगितल्यानंतर कागदपत्रे, बिल आणि १५ दिवसांची औषधे हातात पडायला संध्याकाळचे सव्वापाच वाजले. यादी तपासून त्याला नाडी, पट्टा, लेस, साखळी आणि घड्याळ परत मिळाले. घड्याळ बंद पडले होते. त्याने लेस ओवायला घेतल्या आणि थरथरत्या हातामुळे भोकात टोक जाईना. मी पुढे झाले तेव्हा त्याने मान हलवली आणि वीस मिनिटे लावून स्वतःच त्या ओवल्या. रिक्षात तो झोपला. घरी आल्यावर तो बरा झालेला नव्हता. वजन सात किलो वाढले होते, वाक्ये संथ झाली होती, आणि शेजारच्या काकूंनी डबीत गुळाचा खडा आणून देताना त्याच्याशी मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावे तसे बोलणे सुरू केले होते. दर पंधरा दिवसांनी लिथियमची पातळी पाहण्यासाठी, सकाळची गोळी न घेता, रक्त द्यायला जावे लागे. शाळेत तो चार महिन्यांनी रुजू झाला. पहिल्या तासाला एका मुलाने विचारले, “सर, तुम्ही कुठे होता?” “आजारी होतो,” एवढे सांगून त्याने फळ्यावर मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला, आणि रेषा थोडी हलली तेव्हा वर्गात कोणी हसले नाही, असे त्याने मला फोनवर सांगितले.

गेल्या वर्षी मी ती कथा पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. व्हरांडा ठेवला, पण तो उजेडाचा केला. किंकाळ्या काढल्या, म्हातारा काढला, चहाचे पेले मोजून घेतले. सही करणारी बहीण घातली. ४० पाने झाल्यावर ती दादाला वाचायला दिली. त्याने पेन्सिल घेऊन वाचली, जणू उत्तरपत्रिका तपासतो आहे, दोन ठिकाणी औषधाची वेळ दुरुस्त केली, एका ठिकाणी ‘हे खरे’ असे लिहिले, आणि शेवटच्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवला: “सात नंबर कुठे आहे?”

सात नंबरच्या खाटेवर पंचविशीचा एक मुलगा होता. आम्ही गेलो तेव्हा तो तिथे होता आणि आम्ही निघालो तेव्हाही तिथेच होता. तो बोलत नसे, रडत नसे, कोणाला त्रास देत नसे. त्याची आजी त्याला भरवी, तो गिळे. खिडकीच्या ज्या गजावर त्याने पहिल्या दिवशी हात ठेवलेला मी पाहिला होता, त्याच गजावर तो शेवटच्या दिवशीही होता. त्याला कथेत आणायचे तर त्याने काहीतरी करायला हवे, आणि त्याने काही केले तर तो सात नंबर राहत नाही. वर्ष झाले, मी त्या पानापाशीच थांबले आहे.